‘रश’ची पटकथा : निकाल ठाऊक असलेली शर्यत

चरित्रात्मक शर्यतपटाचा निकाल प्रेक्षकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. शिवाय पडद्यावरचा वेग फार लवकर शिळा होतो, ही अडचण त्याहून मोठी. रॉन हॉवर्ड दिग्दर्शित आणि पीटर मॉर्गनलिखित ‘रश’ (२०१३) हा चित्रपट १९७६च्या फॉर्म्युला वन हंगामातील निकी लाउडा आणि जेम्स हंट यांच्या चुरशीवर बेतलेला असला, तरी त्याची गती गाड्यांच्या धावण्यापेक्षा पटकथा कुठे रेंगाळते यावरून ठरते. आरंभीच १ ऑगस्ट १९७६ रोजीची न्युर्बुर्गरिंगची शर्यत सुटण्याच्या बेतात असलेली दाखवून कथा १९७०कडे मागे वळते, त्यामुळे पुढल्या हलक्याफुलक्या प्रसंगांवरही त्या शर्यतीत लाउडाला झालेल्या अपघाताचे सावट राहते.

सोळा शर्यतींचा हंगाम बव्हंशी माँताजमध्ये, म्हणजे तुटक दृश्यांच्या झपाट्याने जोडलेल्या मालिकेत, उरकला जातो आणि वाचलेला वेळ रुग्णालयाला मिळतो. भाजलेल्या लाउडाच्या फुप्फुसांत साचलेला द्रव नळीने उपसला जात असताना, तसेच पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर तो हेल्मेट चढवू पाहतो तेव्हा, कॅमेरा नजर वळवत नाही. इकडे हा असह्य संथपणा आणि तिकडे दूरचित्रवाणीवर शर्यती जिंकणारा हंट, अशा समांतर संकलनातून, म्हणजे दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवण्यातून, चुरस खरी धार धरते. वास्तवात दोघे मित्र होते. पटकथेने वैर वाढवले ते रचनेसाठी क्षम्य, परंतु लाउडाचा अपमान करणाऱ्या पत्रकाराला हंट चोपतो तो कल्पित प्रसंग मात्र, हंटची आपुलकी सिद्ध करण्याच्या घाईत, उगाच घुसडल्यासारखा वाटतो.

खरी कसोटी जपानमधल्या फुजी येथील अखेरच्या शर्यतीत लागते, कारण तीन गुणांनी आघाडीवर असलेला लाउडा धुवांधार पावसात दोन फेऱ्यांनंतर स्वेच्छेने गाडी थांबवतो आणि ७३ फेऱ्यांच्या निर्णायक शर्यतीतून एक नायकच वजा होतो. एरवी ही पटकथेची पडझड ठरली असती. इथे मात्र लाउडाच्या निर्णयाला पुरेसा अवधी देऊन मगच उरलेला ताण हंटवर सोपवला आहे. टायर बदलण्यासाठी थांबावे लागल्याने मागे पडलेला हंट कितवा आला याचा घोळ त्या दिवशी खरोखरच झाला होता आणि गाडीतून उतरताना विजेतेपद हुकल्याच्या समजुतीने तो संतापलेलाही होता, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचे चार गुण जमेस धरून ६९ विरुद्ध ६८ हा हिशेब जुळेपर्यंत, इतिहास पाठ असलेला प्रेक्षकही गुणफलकाकडे डोळे लावून बसतो.