काळा कातळ, पांढरा गिलावा

छत्रपती संभाजीनगरहून निघालेला रस्ता दौलताबादच्या तटबंदीतून वाट काढतो, घाट चढून खुलताबादला येतो आणि तीसेक किलोमीटरांत वेरूळला पोचतो. कैलास लेणे पश्चिमाभिमुख. सकाळी दर्शनी भाग सावलीत आणि वर आकाश लख्ख, असा विषम उजेड कुठलाच कॅमेरा नीट पेलत नाही. म्हणून आम्ही दुपार कलल्यावर आत शिरलो.

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगराचा बेसॉल्ट वरून खाली कोरत हे देऊळ घडले. कॅमेऱ्याचा मीटर फसतो तो याच काळ्या दगडापाशी. समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे तो धरून चालतो. काळ्या कातळाने चौकट भरली की उजेड कमी आहे असे समजून तो एक्स्पोजर वाढवतो आणि दगड राखाडी, धुरकट उतरतो. ऑटोवर काढलेल्या कैलासाच्या असंख्य फोटोंत हेच दिसते. इतक्या देखण्या दगडाचा काळेपणा असा जावा, याची खरोखर हळहळ वाटते.

देवळाच्या अंगावर ठिकठिकाणी जुना पांढरा गिलावा टिकून आहे. कलत्या उन्हात त्याचा एक तुकडा टिपला, तेव्हा मीटरच्या हिशेबाने हिस्टोग्राम उजव्या कडेला जाऊन आदळत होता; पडद्यावर गिलावा लुकलुकत होता, म्हणजे तिथला तपशील जळलेला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर आणताच गिलाव्यातल्या बारीक भेगा दिसू लागल्या आणि शेजारचा कातळही काळा झाला. डिजिटलमध्ये जपायचा तो पांढरा. सेन्सरचा बिंदू एकदा काठोकाठ भरला की त्यातून काही परत मिळत नाही. सावलीतले मात्र रॉ फाइलमधून बरेच वर काढता येते, कारण १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. पण फार उचलले की दाणे दिसतात. त्यामुळे गरजेपेक्षा काळोखा फोटो काढणेही बरे नव्हे.

दुसऱ्या दिवशी अजिंठा, शहरापासून शंभरेक किलोमीटर. चित्रांच्या रंगांना इजा होऊ नये म्हणून इथे फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे इथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांनी पुढे इथे कॅमेराही वापरला, तोही काचेच्या प्लेटांच्या जमान्यात.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर हिशेब वेगळा. अॅपर्चर एफ १.८, शटर १/३०, आयएसओ ३२००. भोवतीची भिंत गडद, त्यामुळे मीटर पुन्हा चेहरा उजळवू पाहतो. आम्ही स्पॉट मीटरने गालाचा उजेड मोजला. नाकावरची फिकट रेघ आणि गळ्यातले मोती शाबूत राहिले. १/३० ला हात हलतोच. श्वास रोखून तीन-चार फोटो सलग काढले, तर त्यांतला एखादा स्वच्छ निघतो.