कोळंबी, चीज आणि कोड

माशांवर दूध खाल्ले की कोड फुटते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या नणंदेला कोड आले तेव्हा गावाने तिच्या ताटालाच बोल लावला. खरे तर त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने कोड येते. मासे-दुधाने नव्हे, शिवल्यानेही नव्हे.

चीज दुधाचेच, म्हणून परवा मुद्दाम तिच्यासाठी कोळंबी-चीज केले. पाव किलो कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, हळद लावून लसणीवर तीन-चार मिनिटे परतली. उकडलेल्या बटाट्यांच्या चकत्यांवर पसरून वर चीज किसले आणि झाकण ठेवून मंद आचेवर विरघळू दिले. चीज खारट असते, मीठ बेतानेच घालावे.

गरम भाकरीबरोबर आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. भगिनींनो, कोडासाठी कुणाच्या घासाला दोष देऊ नका.