घोड्याची वाट

वेळापूरकरांना घोड्याचे कौतुक शिकवावे लागत नाही. आषाढीला आळंदीहून पंढरपूरला जाणारी माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते आणि तिच्यासंगे अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. वाटेवरच्या रिंगणात ते दौडले, की टापांखालची माती कपाळी लावायला माणसांची झुंबड उडते. त्या वाटेच्या चौपदरी महामार्गाची २०२१ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली.

आमच्या शिवारात घोड्यांची आणखी एक वाट आहे. ती म्हणजे पाणंद. मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात, तेव्हा त्यांची ठेंगणी तट्टे या पाणंदीने जातात. पाठीवर पाल, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्या साऱ्यावर राजाच्या ऐटीत बसलेले एखादे शेंबडे पोर! या टापांची माती कपाळी लावताना मी अजून कुणाला पाहिलेले नाही.

नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, पाठोपाठ ऊस आला. आणि उसाला बांध कळत नाही. (उसाला की मालकाला, हे मी वर्गात विचारीत नाही. निम्मी मुले बागायतदारांची आहेत.) गेल्या वर्षी वाडे बाहेर असताना पाणंदीचे एक वळण नांगरले गेले. कायदा आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने वहिवाटीची अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. कायदा करणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांपुढे बारमास घरी राहणारा शेतकरी असावा. कार्तिकात गेलेला मेंढपाळ ज्येष्ठात परततो. मोजून सात महिने! डांबरी रस्त्याने जा, असे त्याला सांगण्यात आले. कर्ण्याला बुजणारे तट्टू आणि पाठीमागे मेंढ्या घेऊन सांगणारा त्या रस्त्याने कधी गेला नसावा.

यंदा आषाढात आडसाली उसाच्या लागणीत दुसरेही वळण गेले. पण या खेपेस वाडे गावातच होते. गावनकाशाची नक्कल काढली. तीत पाणंद तुटक रेघांनी दाखवलेली आहे. मी अर्ज लिहायला बसलो. वहिवाट कुणाकुणाची, ती नावे घालू लागलो, तोच शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "गुरुजी, घोडीचं बी लिवा. वाट तिला ठावं हाय, आमी तिच्या मागनं जातो."

तेवढे सोडून बाकी सारे लिहिले आहे. वाडे हलायच्या आत अर्ज माळशिरसला पोचवायचा आहे.