नापास झालेल्याचे हसू

निकाल हल्ली सगळ्यात आधी फोनवर वाचला जातो. गेल्या वर्षी दहावीच्या निकालादिवशी दुपारी एक वाजता आम्ही तिघी जावा एकाच फोनवर वाकून बसलो होतो. बोरीत रेंज येत-जात होती. अखेर पान उघडले, तर थोरलीच्या मुलाच्या नावापुढे गणितात २७ गुण. पास व्हायला ३५ लागतात.

संध्याकाळपर्यंत परभणीहून, जिंतूरहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "क्या जी, क्या हुआ निकाल का?" घरातल्या पोरांनी तर त्याचे नावच 'सत्तावीस' ठेवले. 'सत्तावीस, पाणी आण.' 'सत्तावीस, दार लाव.' आणि आम्ही हसलो. खरे सांगायचे तर सगळ्यात आधी आमच्यातलीच एक हसली. तिसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांबरोबर जेवायला बसेनासा झाला. भूक नाही म्हणायचा. त्याची आई रात्री ताट झाकून ठेवायची आणि सकाळी तसेच उचलायची.

ईशाची नमाज झाली, भांडी आवरली की आमची एक सवय आहे. धाकटी फोनवरून काही वाचून दाखवते, आम्ही दोघी ऐकतो. आमचे शिक्षण मराठी शाळेत झाले. उर्दू कानाला कळते, लिपी अडते. म्हणून 'रेख्ता' आमच्या आवडीचे. तिथे पुष्कळ उर्दू साहित्य देवनागरीतही वाचता येते. त्या आठवड्यात धाकटीने पतरस बुखारींचे लेख काढले.

एका लेखात अभ्यासासाठी पहाटे उठण्याचा निश्चय केलेला माणूस आहे. तो शेजारच्या लालाजींना उठवायला सांगतो. लालाजी बिचारे इतके इमानदार, की अंधारातच दार बडवू लागतात आणि याला जीव नकोसा होतो. दुसऱ्या लेखातला विद्यार्थी वर्षामागून वर्षे बी.ए.ला नापास होतो, पण हॉस्टेलात राहायला मिळावे हा त्याचा हट्ट काही सुटत नाही. आम्ही डोळे पुसत हसत होतो. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतूनही हसू ऐकू आले. पाच-सहा दिवसांनी तो हसला होता.

आम्ही विचारात पडलो. पतरस स्वतः काही नापास विद्यार्थी नव्हते. केंब्रिजला शिकले, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानचे प्रतिनिधी होते. तरी लिहिताना आळशी, नापास माणूस त्यांनी 'मी' म्हणून रंगवला. दुसऱ्याकडे बोट दाखवले नाही. म्हणून नापास झालेल्या पोरालाही त्यांच्याबरोबर हसता आले. आमच्या 'सत्तावीस'मध्ये सगळे हसत होते, फक्त ज्याच्यावर हसत होतो त्याला त्या हसण्यात जागा नव्हती. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत थट्टेची आणि वाईट नावांनी हाक मारण्याची मनाई आहे. ती आम्हाला तोंडपाठ होती, पण घरातल्या घरात ती लागू होते हे ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही पोरांसमोर आपापले नापास होणे सांगायला बसलो. एकीचे इंग्रजी राहिले होते, एकीचे शिवणकामाच्या वर्गातले पहिले झंपर उलट्या बाहीचे निघाले होते. मग आमचे सासरे बोलले. सातवीला त्यांनी निकालाआधीच पेढे आणून ठेवले होते. नापास झाल्यावर गोठ्यात बसून ते सगळे एकट्याने खाल्ले. "गणित राहिले, पण पेढे चांगले होते," म्हणाले. ही गोष्ट आमच्या सासूबाईंनीही कधी ऐकली नव्हती.

पोरगा दारात उभा राहून ऐकत होता. आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, आमचे चुकले. आता ते नाव कोणी घेणार नाही." तो म्हणाला, "नाव ठेवायचेच तर पस्तीस ठेवा. सवय तरी होईल." आणि आजोबांशेजारी जेवायला बसला.

पुरवणी परीक्षेत त्याला ३८ गुण मिळाले. हसण्याने गणित येत नाही. ते त्याने रोज फजरनंतर बसून, पाढ्यांपासून सुरुवात करून केले. लालाजी व्हायचे काम आजोबांकडे होते.

बहिणींनो, निकालाचे दिवस पुन्हा येतील. तुमच्या घरीही एक वाचणारी आणि चार ऐकणाऱ्या असतील. पतरस वाचाच. शिवाय आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्या गुलबर्ग्याचे मुज्तबा हुसैन आहेत, ज्यांना २००७ साली पद्मश्री मिळाली. तिथलेच सुलेमान ख़तीब आहेत. त्यांची दखनी शायरी आपल्या घरातल्या बोलीच्या इतकी जवळची, की घरातलेच कोणी बोलतेय असे वाटते. वाचून झाले की फोन बाजूला ठेवा आणि आपल्या फजितीची एक गोष्ट मुलांना सांगा. आधी आपली.