समुद्राचं बेणं

आखाडा बाळापूरला समुद्र विकत मिळत नाही, तो कालवावा लागतो. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. हे मीठ भाजीत घालायचं नव्हे. सोडियमसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी कितीतरी क्षार त्यात मोजून मिसळलेले असतात आणि ते पुण्या-मुंबईहून बादलीत भरून येतं. आमच्या बोअरचं पाणी काळ्या दगडातून वर येतं, चहाच्या पातेल्याला पांढरी पुटं चढवतं, त्यामुळे ते आधी आरओतून काढायचं. मग निळ्या ड्रममध्ये पंप सोडून मीठ रात्रभर घोळवायचं. सुरुवातीला पाणी दुधाळ होतं, सकाळपर्यंत तळ दिसायला लागतो. त्यातला एक थेंब खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून मी खिडकीकडे तोंड करतो. आत निळा आणि पांढरा असे दोन पट्टे दिसतात. त्यांची शीव १.०२५ वर आली, की आमच्या बैठकीतला समुद्र तयार झाला.

मुंबई इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर आहे. तरी बाळापूर समुद्रापासून तुटलेलं आहे असं मला वाटत नाही. आमच्या कळमनुरी तालुक्यातून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत उतरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्या पत्र्यावरून ओघळलेला पाऊस वाटेत कुणाच्या मोटारीने उचलला नाही, तर एक दिवस खारट होणारच असतो. मी त्याला घरातच खारट करतो, एवढंच.

पण घरात समुद्र ठेवायचा तो घराच्याच पैशाने. आमच्याकडे पैसा ऋतूंप्रमाणे येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, हळदीचा ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोली नाहीतर वसमतच्या मोंढ्यात गेल्यावर. येण्याआधीच त्यातल्या प्रत्येक नोटेवर कुणाचं ना कुणाचं नाव लिहिलेलं असतं: खत, फवारणी, पोरांची फी, सोयरिकीतलं लग्न, दवाखाना. माशांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. टाकी बसवली त्या वर्षी आई बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिली आणि म्हणाली, "काय पिकायलंय रे बाबा ह्या खाऱ्या पाण्यात?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती हा प्रश्न प्रत्येक वावराला विचारते. बांधावरच्या लिंबालाही विचारते. मला तो प्रश्न रास्त वाटला, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय ही टाकी आपली म्हणता येणार नाही असंही वाटलं.

जगात इतर ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर प्रवाळ देतं. अमेरिकेत, युरोपात घरी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळाची टाकी, सांभाळणारी माणसं प्रवाळाची फांदी हाड कापायच्या कात्रीने तोडतात, तिचा इंचभर तुकडा चिनीमातीच्या छोट्या चकतीवर जेलसारख्या घट्ट गोंदाने चिकटवतात आणि प्रकाशात ठेवतात. काही आठवड्यांत तो तुकडा चकतीवर पसरू लागतो, काही महिन्यांत त्याची स्वतंत्र वसाहत होते. या तुकड्याला तिथे फ्रॅग म्हणतात. फ्रॅग विकून, नाहीतर दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात मीठ आणि दिवे घेऊन, कितीतरी जण आपल्या टाकीचा खर्च टाकीतूनच काढतात. एका फांदीतून दहा फांद्या. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हरखून गेलो होतो.

आपल्याकडे ही वाट बंद आहे आणि ती बंद आहे याचा मला आनंद आहे. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे तिथेच. त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि तुकडा घरात वाढवला आहे असं सांगूनही सुटका नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला प्रवाळ आलंय तरी किती? मालवणच्या सागरी अभयारण्यात थोडं, जे १९८७ साली जाहीर झालं. आणि विजयदुर्गच्या समोर, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर पाण्याखाली बुडालेल्या अँग्रिया बँकेवर. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेला तो उंचवटा समुद्रातून कधीच वर येत नाही. एवढ्याशा ठेव्यातून कुणी फांद्या तोडून बाळापूरच्या बैठका सजवाव्यात, हे मला मान्य होण्यासारखं नाही. माझ्या टाकीत प्रवाळ नाही. सच्छिद्र चिनीमातीचे दगड आहेत, त्यांवर जांभळट शेवाळ धरलंय, एक मातीची कुंडी आडवी ठेवलीय आणि त्या कुंडीत एक जोडपं राहतं.

हे जोडपं क्लाऊनफिशचं. २००३ च्या त्या सिनेमापासून पोरं त्याला निमो म्हणतात. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. या जातीत प्रत्येक पिल्लू आधी नर होतं. कळपातला सगळ्यांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नर आणि बाकीचे वाट बघत लहानच राहतात. मादी मेली तर तिचा नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा त्याची जागा घेतो. त्यामुळे जोडी लावणं सोपं असतं. दोन लहान मासे एकत्र सोडायचे आणि घरचा कारभार कुणाच्या हाती जाईल हे त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं.

अंडी घालायच्या आधी दोघं कुंडीची आतली बाजू तोंडाने घासून लख्ख करतात. मग मादी पोट टेकवत पुढे सरकते, मागे एकेक केशरी अंडं चिकटत जातं, नर तिच्या मागोमाग फिरतो. त्यानंतरची राखण मुख्यतः बापाची. तो परांनी वारा घालतो, तोंडाने अंडी पुसतो, मेलेलं अंडं उचलून टाकतो. माझा हात पाण्यात गेला तर चावतो. दात रुतत नाहीत, पण धडक कळते. केशरी रंग दिवसागणिक गडद होत जातो आणि सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकायला लागतात. त्या रात्री मी बैठकीतला दिवा मालवतो, खिडकीवर चादर टाकतो. अंधार पडल्यावर तास-दोन तासांत अंडी फुटतात. टाकीच्या एका कोपऱ्याला बॅटरीचा उजेड धरला, की चार-पाच मिलिमीटरचे पारदर्शक जीव तिकडे ओढले जातात आणि मग त्यांना वाटीने हळू उचलून दुसऱ्या भांड्यात नेता येतं. उशीर केला तर सकाळपर्यंत ते पंपात जातात नाहीतर आईबापांच्याच पोटात.

खरी परीक्षा यापुढे. या पिल्लांच्या तोंडात मावेल असं अन्न बाजारात नाही. त्यांना रोटिफर नावाचे जिवंत सूक्ष्म प्राणी लागतात, मिलिमीटरच्या पाव हिश्श्याएवढे, आणि रोटिफरना जगायला हिरवं सूक्ष्म शेवाळ लागतं. म्हणजे आधी शेवाळ पिकवायचं, त्यावर रोटिफर, त्यावर पिल्लं. मोठ्या हॅचऱ्यांमध्ये शेवाळाला युरिया आणि सुपर फॉस्फेट घालतात, आणि ही दोन्ही नावं आमच्या मोंढ्यावरच्या कृषी केंद्रात पोरासोरांच्या तोंडी आहेत. खिडकीतल्या हिरव्या बाटल्या बघून शेजारचे काका विचारतात, "सर, हे कोणत्या पिकाचं औषध?" दहा-बारा दिवस हा पसारा सांभाळला, की एका सकाळी पारदर्शक पिल्लाच्या डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटलेला दिसतो. त्यानंतर ते पोहतही मोठ्या माशासारखं. कितीही वेळा पाहिलं असलं तरी तो पट्टा दिसला, की मी आईला हाक मारतो.

मार्टिन मो यांनी फ्लोरिडात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाऊनफिशची पैदास व्यापारी पातळीवर आणली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती बसवली. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी हॅचरी आहे आणि तिथली पिल्लं किनाऱ्यावरच्या गटांना वाढवायला दिली जातात. लक्षद्वीपच्या अगत्तीवर बायका शोभेच्या कोळंब्या वाढवतात. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण या धंद्याची दुसरी बाजू काळी आहे. १९६० च्या दशकापासून फिलिपाइन्समध्ये रीफवर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले जाऊ लागले. त्यात मासा अर्धमेला होतो आणि आजूबाजूचं प्रवाळ मरतं. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा देखणा कार्डिनल मासा १९९५ नंतर जगभर प्रसिद्ध झाला आणि इतका उपसला गेला, की २००७ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीत गेला. खरं तर तो घरच्या टाकीत सहज वाढतो. बाप अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्लं बाहेर पडतात ती पोहणारी, खाणारी.

म्हणून मी एक नेम धरला. टाकीतून पैसा यायचा तो फक्त घरात जन्मलेल्या जिवाचा. समुद्रातून आणलेलं काही विकायचं नाही, मूळ जोडी तर नाहीच. आमच्याकडे हळद काढल्यावर हळकुंडं शिजायला जातात आणि जेठे गड्डे पुढच्या लागवडीसाठी सावलीत झाकून ठेवतात. कितीही भाव आला तरी बेणं विकून खायचं नसतं. कुंडीतलं जोडपं माझं बेणं आहे.

पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली, की नांदेडचा दुकानदार घेतो. काही संभाजीनगरला, काही पुण्याला जातात. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर थर्माकोलचा डबा, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा क्लीनर. पिशवी बांधण्याआधी एक दिवस त्यांना उपाशी ठेवतो, म्हणजे पाणी वाटेत नासत नाही. सकाळी पलीकडून "पोचले, सगळे जिवंत" असा निरोप येईपर्यंत मला शाळेत शिकवताना नीट शब्द सापडत नाहीत.

वहीच्या डाव्या पानावर मीठ, वीज, आरओचा मेम्ब्रेन, रोटिफरचं खाद्य. उजव्या पानावर पिल्लांचे पैसे. सगळ्यात जास्त जातं ते विजेवर. बराच काळ डावं पान भरून वाहत होतं. मग एका महिन्यात दोन्ही बेरजा बरोबर आल्या. त्या दिवशी जे वाटलं त्याला नफा म्हणता येत नाही. घरात कुणाच्या नावाचं काही न खाता एक गोष्ट आपल्या पायावर उभी राहिली होती. हळदीच्या पैशाकडे मला आता माशांसाठी बघावं लागत नाही, आणि म्हणूनच मी माशांकडे मोकळ्या मनाने बघतो. छंदाने पैसा कमवावा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या घरात आई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते, तिथे छंदाने आपलं मीठ आपण आणावं, हे मला मनापासून पटतं.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला जागा आहे, गोड्या पाण्यातल्याही आणि खाऱ्याही. युनिटचा खर्च ३ लाख धरलेला, अनुदान ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आमच्याकडच्या बचत गटांपर्यंत हे कुणीतरी नीट पोचवायला हवं. त्यांनी समुद्रापासून सुरुवात करू नये. गप्पी तर आरोग्य खात्याने डासांसाठी हौदात सोडलेला, घरोघरी ओळखीचा. मोली तितकीच सोपी. सिमेंटच्या टाक्यात वाढतात, पिल्लंच घालतात.

मे महिना इथला कठीण. पारा बेचाळीसच्या पुढे, त्यात वीज जाते. टाकीचं पाणी फार तापू नये म्हणून पाण्यावर पंखा लावायचा. मराठवाड्याची कोरडी हवा पाणी भराभर पिते आणि पिता पिता ते दोन-तीन अंशांनी गार करते. कोकणातल्या दमट हवेत हाच पंखा इतकं काम करत नाही. उडालेल्या पाण्याजागी साधं आरओचं पाणी घालायचं, कारण मीठ मागे उरलेलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांवर पांढरं पडण्याचं चौथं जागतिक संकट आल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या उन्हाळ्याहून समुद्र अंशभर जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं. त्या मे महिन्यात पंख्यासमोर बसून थर्मामीटर बघताना मला अगत्ती आठवायची, अँग्रिया आठवायची. तिकडे पंखा लावणारं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आमच्याकडे जमीन हलली होती, ४.५ तीव्रतेची. केंद्र आमच्याच परिसरात. या भागातली गावं जमिनीतला गडगडाट वर्षानुवर्षं ऐकत आलीत, पण ही हालचाल वेगळी होती. आम्ही सगळे रस्त्यावर. जरा वेळाने मी आत गेलो. टाकीतलं पाणी अजून या काठाकडून त्या काठाकडे जात होतं, फरशीवर थोडं सांडलं होतं, काच शाबूत होती. कुंडीत अंडी होती आणि बाप त्यांच्यासमोर जागचा हलला नव्हता.

गेल्या हंगामात मी शाळेत असताना दुकानदाराचा फोन घरच्या नंबरवर आला. त्याला भाव पाडून हवा होता, बाहेरून स्वस्त मासा येतोय म्हणत होता. आईने फोन घेतला. "घरात जलमलेलं लेकरू आहे ते, भाऊ. दर्यातून धरून आणलेलं नाही. अडीचशेच्या खाली आमी देत नसतो." तो अडीचशेला तयार झाला आणि पुढचा माल कधी म्हणून विचारू लागला. आईने उठून कुंडीत वाकून पाहिलं. "डोळे दिसायलेत आत्ता. आज नाहीतर उद्या फुटतील. तीन म्हैने थांबा."