किट घेताना न विचारलेले प्रश्न

शिकायला किट कोणतं घेऊ, कंपनीचं की ओपन सोर्स, असं आमच्या शहापूर-मुरबाडची डिप्लोमाची मुलं अधूनमधून विचारतात. मी दोन्ही घेतली आणि दोन्हीकडे चुकलो. त्या चुका नीट सांगितल्या तर कुणाचे तरी पैसे आणि एखादं सेमिस्टर वाचेल, म्हणून लिहितो.

पहिलं किट 8051चं. इंटेलने 1980 साली काढलेला हा मायक्रोकंट्रोलर अजूनही पुष्कळ ठिकाणी शिकवला जातो. आसनगावहून लोकल धरली, लॅमिंग्टन रोडला गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, ‘चांगलं किट द्या.’ एवढंच विचारलं. बोर्डावर एटी89एस52 ही चिप होती आणि सोबतच्या सीडीत एका कंपनीचा कंपायलर. तो फुकटचा असून 2 किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्रॅम घेतो, हे सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो कागद उघडलाच नाही.

मला टाकीचा कंट्रोलर करायचा होता. भातसा, तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. किन्हवलीकडे आमच्या घरी नळाला पाणी आलं की खालची टाकी भरायची आणि मोटर लावून ते वर चढवायचं. मोटर बंद करायला कुणी विसरलं की वरची टाकी वाहून पाणी अंगणात जायचं. आईला त्याचं फार वाईट वाटे. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी आणि किती भरली ते स्क्रीनवर दिसावं, एवढंच माझं काम होतं.

प्रोग्रॅम रंगात आला आणि कंपायलर अडला: मर्यादा ओलांडली, पुढे जायचं तर लायसन्स घ्या. लायसन्सची किंमत किटच्या कित्येक पट. मी संतापलो. कंपन्या विद्यार्थ्यांना लुटतात, असं भेटेल त्याला सांगत सुटलो.

खरी गोष्ट वेगळी होती. स्क्रीनवर टाकी 72.35 टक्के भरली असं दशांशात दाखवायचा हट्ट मी धरला होता. 8051ला पूर्णांकांचं गणित येतं. दशांशाचं गणित त्या चिपमध्ये नाही, ते कंपायलर आपल्या पदरचा कोड घालून करून देतो, आणि तो कोडच जागा खाऊन बसतो. वर छपाईसाठी मी प्रिंटएफ वापरलेलं, त्याचा भार निराळा. टाकी 72 टक्के भरली एवढं घरात कुणालाही पुरलं असतं. पूर्णांकात लिहिला असता तर तोच प्रोग्रॅम 2 किलोबाइटमध्ये सहज मावला असता. पण मी माझा कोड तपासला नाही, दोष लायसन्सला दिला.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्याच चिपसाठी एसडीसीसी नावाचा ओपन सोर्स कंपायलर तेव्हाही होता. त्याला आकाराची मर्यादा नाही. पिनांची नावं घोषित करायच्या ओळी बदलाव्या लागतात, बाकीचं सी बहुतेक तसंच चालतं. मला हे माहीत नव्हतं, कारण किट म्हणजे एकच वस्तू असं मी धरून चाललो होतो. चिप, बोर्ड, कंपायलर, चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं साधन, तयार लायब्रऱ्या ही सगळी वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं मोकळं किंवा बंदिस्त असणंही वेगवेगळं असतं. माझ्या किटमध्ये कुलूप फक्त कंपायलरला होतं. मी रागाच्या भरात सगळं किटच माळ्यावर टाकलं.

मग अर्डुइनो घेतलं. 2005मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावात, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा म्हणून तयार झालेला हा बोर्ड. त्याचे आराखडे खुले आहेत, म्हणून स्वस्त नकला मिळतात. कंपायलर मुक्त आहे, चिप मात्र मूळची अ‍ॅटमेल कंपनीची. माझ्या युनो बोर्डावरच्या त्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी 32 किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी 2 किलोबाइट रॅम. मी 32चा आकडा वाचला, 2चा वाचला नाही.

आता मर्यादा नाही म्हणून मनसोक्त लिहिलं. प्रत्येक पायरीला लांबलचक मराठी संदेश रोमन अक्षरांत छापत गेलो. अर्डुइनोवर असं वाक्य कोडमध्ये लिहिलं की ते रॅममध्येही जागा घेतं. एफ() मध्ये गुंडाळलं तरच ते फक्त फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या जागेत, राहतं. रॅम भरत आली आणि बोर्ड रात्री-अपरात्री स्वतःच रीसेट व्हायला लागला. मोटर मध्येच बंद, पुन्हा चालू. मी व्होल्टेजला दोष दिला, अडॅप्टर बदलला. प्रोग्रॅम कंपाइल करताना खाली मेमरी कमी उरल्याचा इशारा दर वेळी येत होता. बंदिस्त कंपायलरने मला दारातच अडवलं होतं. इथे अडवणारं कुणी नव्हतं, वाचायची जबाबदारी माझी होती आणि मी वाचत नव्हतो.

तिसरी चूक सांगायला जड जाते. सरळगावजवळच्या एका पोल्ट्रीवाल्या काकांना मी तसाच कंट्रोलर पैसे घेऊन करून दिला. त्यांच्या पुतण्याने कोड मागितला, तर मी म्हणालो, ‘काका, कोड देता येणार नाही, ते माझं काम आहे.’ काका शांतपणे म्हणाले, ‘उद्या तू नोकरीला पुण्याला गेलास तर ही पेटी कोण बघणार?’ मी उत्तर टाळलं.

त्या कोडमधली स्क्रीनची लायब्ररी दुसऱ्या कुणीतरी लिहून जीपीएल लायसन्सखाली दिलेली होती. ती वापरून केलेली वस्तू दुसऱ्याला दिली, तर त्याने मागितल्यावर कोडही द्यावा लागतो. लायसन्स पहिल्याच फाइलच्या डोक्यावर होतं. ज्यांनी मला मोकळेपणाने दिलं, त्यांचं घेऊन मी काकांच्या तोंडावर दार लावलं. पुढे सगळा कोड पेन ड्राइव्हवर घालून काकांना नेऊन दिला, वायरिंगचा आराखडा कागदावर काढून पेटीत चिकटवला. त्यांचा पुतण्या आता लहानसहान बदल स्वतः करतो.

माझं मत विचाराल तर आमच्याकडे शिकायला सुरुवात ओपन सोर्सनेच करावी. दुरुस्तीला जवळ कुणी नसतं, हार्ड डिस्क गेली की एकाच कॉम्प्युटरला बांधलेलं लायसन्सही अडकतं. मोकळ्या साधनात निदान उघडून बघता येतं. पण मुरबाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सची नोकरी करायची असेल तर कारखान्यातली यंत्रं चालवणारा पीएलसी शिकावाच लागेल, आणि त्याचं सॉफ्टवेअर बहुधा ज्या त्या कंपनीचंच असतं. तिथे बंदिस्त म्हणून नाक मुरडू नका. सी भाषा कच्ची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात तिचे धडे फुकट आहेत, मराठीतूनही. किटच्या आधी ते करा.

आणि दुकानात जाल तेव्हा विचारा: हा कंपायलर किती मोठा प्रोग्रॅम घेतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतो का, या चिपला दुसरा कुठला कंपायलर चालतो? उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर पैसे त्या दिवशी खिशातच राहू द्या.