चाचांना कोणी सांगायचं?

आयपीएलच्या संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याच्या याद्या दरवर्षी टीव्हीवर येतात. त्यात 'सोडलं' असं कोणी म्हणत नाही, 'रिलीज केलं' म्हणतात. जणू खेळाडूच पिंजऱ्यात अडकला होता आणि मालकानं मेहेरबानी करून दार उघडलं! या शब्दावरून शिरूरच्या आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला होता. कारण आमच्याही टीममधून एक माणूस कमी करायची वेळ आली होती आणि तो माणूस म्हणजे आमचे सख्खे चाचा.

आम्ही म्हणजे सख्खे-चुलत मिळून पाच भाऊ, मोहल्ल्यातली आणखी सहा-सात पोरं आणि आमची आपा. आपा मैदानावर येत नाही, पण वर्गणी, टी-शर्टचा खर्च आणि स्कोअरची वही तिच्याकडे असते. चाचा दौंडला रेल्वेत आहेत. शिरूरला रेल्वे नाही, म्हणून ते शनिवारी संध्याकाळी न्हावऱ्यावरून रस्त्यानं येतात, रविवारी टेनिस बॉलच्या मॅचमध्ये दोन ओव्हर टाकतात आणि रात्री परत जातात. डावखुरे आहेत. वय सेहेचाळीस. चेंडू सोडण्याआधी मारतात ती उडी थेट झहीर खानची, आणि टी-शर्टवर नंबरही त्याचाच, चौतीस.

आपाच्या वहीत गेल्या मोसमातल्या चौदा मॅच आहेत. त्यांतल्या पाचच मॅचमध्ये चाचांनी दोन्ही ओव्हर पूर्ण केल्या. कधी खांदा, कधी पोटरी, कधी गुडघा. सहा-सहा ओव्हरच्या खेळात एक बोलर मध्येच बसला की कॅप्टनचं सगळं गणित कोलमडतं. मामूंचा सतरा वर्षांचा मुलगा दोन वर्षं बारावा म्हणून पाण्याच्या बाटल्या वाहतोय, तोही दिसत होताच.

हे दुखणं आमच्याच टीमचं नाही. पुण्याचा केदार जाधव घ्या. २०१८ मध्ये चेन्नईनं त्याला ७ कोटी ८० लाखांना घेतलं. ७ एप्रिलला वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावली. तो बाहेर गेला, शेवटची जोडी उरली तेव्हा लंगडत परत आला आणि एक षटकार, एक चौकार मारून सामना जिंकून दिला. त्यानंतर त्या मोसमात तो खेळूच शकला नाही. २०१९ मध्ये शेवटच्या साखळी सामन्यात खांदा दुखावला. २०२० मध्ये आठ सामन्यांत ६२ धावा झाल्या आणि जानेवारी २०२१ च्या यादीत त्याचं नाव 'रिलीज'मध्ये आलं. चेन्नईनं अन्याय केला का? आम्हाला तसं वाटत नाही. तीन मोसम वाट पाहिली, हे कमी नाही.

झहीरचं प्रकरण मात्र आम्हाला अजून टोचतं. दौंडहून मनमाडकडे निघालं की नगर, राहुरी मागे टाकून बेलापूर स्टेशन लागतं, तेच श्रीरामपूर. मराठी शाळेत शिकलेला हा मुलगा तिथून मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या हाताखाली घडला आणि २००० साली भारतासाठी खेळला. २०११ चा वर्ल्डकप सगळ्यांना धोनीच्या षटकारासाठी आठवतो. आमच्या घरात तो झहीरच्या २१ विकेटसाठी आठवतो. फायनलमध्ये त्याच्या पहिल्या तीनही ओव्हरमध्ये एक धाव निघाली नव्हती.

त्यानंतर चारच महिन्यांत, जुलैमध्ये, लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी त्याची हॅमस्ट्रिंग गेली. १३.३ ओव्हर, १८ धावा, २ विकेट, आणि तो मैदानाबाहेर. बोलर इतके कमी पडले की धोनीनं ग्लोव्हज काढून स्वतः बोलिंग केली आणि द्रविड विकेटमागे उभा राहिला. ती मालिका आपण ४-० अशी हरलो. आमच्यातला धाकटा म्हणतो, अर्धवट फिट माणसाला खेळवलं की असंच होतं, मग तो कितीही मोठा असो. त्याचं म्हणणं खोटं नाही. वेगवान बोलरचा पुढचा पाय आदळतो तेव्हा त्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका जास्त असतो. संघानं हा हिशेब करायलाच हवा. जुन्या माणसाच्या मायेपोटी नव्याची जागा अडवून धरणं हाही अन्यायच आहे.

पण पुढचं बघा. घोट्याचं ऑपरेशन झालं, तो परत आला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याला कसोटी संघातून वगळलं. चौतिशीतला हा माणूस युवराजबरोबर फ्रान्सला जाऊन शरीर कमवून आला, पुन्हा संघात आला आणि जोहान्सबर्गला कॅलिसला बाद करून ३०० विकेट पूर्ण केल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला मॅकलमनं ३०२ धावा ठोकल्या, त्या डावात झहीरनं ५१ ओव्हर टाकल्या आणि पाच विकेट घेतल्या. एक्कावन्न ओव्हर! ती त्याची शेवटची कसोटी ठरली. पुढे वीस महिने त्याचं नाव कसोटी संघात आलं नाही आणि १५ ऑक्टोबर २०१५ ला त्यानं स्वतःच जाहीर केलं की दिवसाला अठरा ओव्हर टाकण्याचा ताण आता खांद्याला झेपणार नाही. ९२ कसोटी आणि ३११ विकेट, तरी निरोपाची मॅच नाही. पाच दिवसांनी सेहवागही तसाच गेला.

वगळलं म्हणून आम्हाला राग नाही. निरोप न देता नुसतं यादीतून नाव गळू द्यायचं, ही रीत आम्हाला पटत नाही. ही रीत खेळापुरती नाही, म्हणून जास्त लागते. आमच्या थोरल्या भावाची कंबर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात माल उचलताना धरली. तो ठेकेदाराकडून कामाला होता. तीन आठवड्यांनी बरा होऊन गेला तर गेटवरच्या यादीत नाव नव्हतं. कोणी 'नको' म्हणालं नाही, कोणी 'ये' म्हणालं नाही. चार दिवस तो डबा घेऊन जायचा आणि भरलेला डबा परत आणायचा.

याच्या उलट चाचांची रेल्वे. ड्रायव्हरची नजर मेडिकलमध्ये कमी भरली की त्याला इंजिनवरून उतरवतात, त्यात दयामाया नाही. पण अपंगत्व आलं म्हणून सरकारी नोकरीतून काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. १९९५ च्या कायद्यात हे होतं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. चाचा म्हणतात, "आमच्याकडं कॅटेगरी उतरते, माणूस उतरत नाही." थोरल्या भावाला हे वाक्य ऐकवत नाही, तो उठून जातो.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये तर कोट्यवधी डॉलरचे करार असतात, तरी गत तीच. अल्बर्ट पुहोल्सला लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघानं दहा वर्षांच्या करारावर घेतलं होतं. पाय आणि गुडघ्याची ऑपरेशनं झाली, फटके कमी झाले आणि दहावं वर्ष सुरू असतानाच, मे २०२१ मध्ये, त्याला काढलं. पुढच्या वर्षी सेंट लुईसनं, जिथं तो पहिली अकरा वर्षं खेळला होता, त्याला बेचाळिसाव्या वर्षी बोलावून घेतलं. त्या मोसमात त्यानं २४ होमरन मारले आणि एकूण ७०३ वर थांबला. चाचांना ही गोष्ट कोणी सांगू नये असं आमच्यात आधीच ठरलं होतं, नाहीतर ते बेचाळीसचा आकडा धरून बसले असते.

सांगायचं कोणी यावर आठवडा गेला. ग्रुपवर नुसती अकरा जणांची यादी टाकावी असंही एकाने सुचवलं. आपा चिडली. म्हणाली, "ज्यांनी तुम्हाला बॅट धरायला शिकवलं त्यांना मोबाइलवर कळवणार? दौंडला जा."

मग आम्ही तिघे दौंडला गेलो. चाचींनी चहा ठेवला. आमचे चेहरे बघूनच चाचा म्हणाले, "क्यूं रे, मेरेकू निकालने आये क्या?" थोरल्यानं वही उघडून समोर ठेवली आणि सरळ सांगितलं, "चाचा, चौदापैकी पाच. यंदा ईदनंतरच्या टूर्नामेंटला तुम्हाला खेळवणार नाही. तुमच्या जागी मामूंचा पोरगा." चाचांनी वही चष्मा लावून वाचली. एका मॅचबद्दल वाद घातला, कारण त्या दिवशी पाऊस आला होता. आपाला फोन लावून ती मॅच आम्ही धरली नाही; तेरापैकी पाच झालं.

"निदान एक ओव्हर?" त्यांनी विचारलं.

आम्ही नाही म्हणालो. ते बराच वेळ बोलले नाहीत. चाचींनी खांद्याच्या मलमाचा महिन्याचा खर्च ऐकवला, त्यावरही हसले नाहीत. मग विचारलं, पोरगा यॉर्कर टाकतो का. टाकत नाही, असं कळल्यावर म्हणाले, रविवारी त्याला मैदानावर लवकर पाठवा. टीमचे मॅनेजर व्हा म्हणालो तर त्यांनी हातानंच उडवून लावलं. खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणं त्यांना जमणार नाही म्हणाले.

आता अडलंय ते टी-शर्टवर. पोराला चौतीस नंबर हवाय, चाचा तो सोडायला तयार नाहीत. यंदाची वर्गणी मी भरलीय, टी-शर्ट माझाच, असं त्यांचं म्हणणं. छापणाऱ्याला शुक्रवारपर्यंत आकडे द्यायचे आहेत. आपानं तूर्त दोन चौतीस लिहिलेत.